राजा खाली, बाई वर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे देव घासले.

अमावास्येच्या आदल्या दिवशी आमच्या घरात देव निघतात. ओट्यावर पोतं टाकायचं, परातीत सगळा देव्हारा ओतायचा. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, बहिरोबाचा टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, तळहाताच्या निम्म्यानं. मग घंटा, निरांजन, समई. मी घासायचं, बायकोनं धुवायचं, पुसायचं आणि जागच्या जागी ठेवायचं. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. ती माझ्यावर ओरडत होती, तेही रोजच्यासारखंच.

"अवो, खंडोबाचं नाक जाईल आता. देव हाय त्यो, पातेलं न्हाई."

"पातेल्यात तोंड दिसतं, मग देवात का दिसू न्हाई?"

"तुमचं तोंड बघायला देव कशाला पाहिजे? मी बघतीय की इतकी वर्षं."

माझा हात असाच आहे. कोरेगाव भीमाच्या बाजूला भांड्यांचा एक कारखाना होता, तिथं मी बफिंगला होतो. फिरत्या चाकावर स्टीलचं ताट धरायचं आणि आपलं तोंड दिसेपर्यंत सोडायचं नाही, एवढंच काम. शाळा माझी चौथीत सुटली. पण मळकं भांडं माझ्या हातात टिकत नाही. काम सुटलं तेव्हा बफिंगच्या साबणाची एक वडी घरी घेऊन आलो, ती अजून आहे. आमच्या घरात असं एक भांडं दाखवा की ज्याला मी ती वडी लावली नाही.

एकच वस्तू अशी होती, आणि तीही अर्धीच.

लग्नात मुलीबरोबर माहेराहून अन्नपूर्णेची मूर्ती यायची आपल्यात पद्धत आहे. हिचं माहेर राहू गावचं. घरात खाणारी तोंडं फार, मूर्ती घ्यायची ऐपत नव्हती. सासऱ्याला कधीकाळी भीमेकडच्या रानात पाट खणताना एक चांदीचं नाणं सापडलं होतं. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, पातळ, कडेला थोडं तुटलेलं. एका अंगाला माणसाचं तोंड, बाजूनं दिसणारं. डोक्याला मण्यांची पट्टी, मागं तिची गाठ. दुसऱ्या अंगाला खुर्चीवर बसलेली बाई. एका हातात उभी काठी, दुसऱ्या हातात काहीतरी गोल. सासूनं बघितलं आणि ठरवून टाकलं, काठी म्हणजे पळी आणि गोल ती वाटी. झाली अन्नपूर्णा. पितळेच्या वाटीत तांदूळ घालून त्यावर ती ठेवली आणि लेकीबरोबर पाठवली. तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात ती तशीच. बाई वर, राजा खाली, तोंड तांदळात खुपसून.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी एक शहाणपणा केला. ते नाणं डब्यात घालून कारखान्यात नेलं आणि राजाचं अंग चाकावर धरलं. एकच फेर. काय चकाकलं! कडेनं काहीतरी बारीक खरबरीत होतं, तेही गुळगुळीत झालं. मला वाटलं, बायको खूश होईल. तिनं नाणं हातात घेतलं, उलटं केलं, बाई धड आहे बघितलं आणि वाटीत ठेवलं. मग दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "राजा तुमचा, बाई माझी. माझ्या बाईला हात लावायचा न्हाई."

तो करार आम्ही जन्मभर पाळला. राजाला मी घासायचो, बाईवर ती नुसतं पाणी ओतायची, पदरानं टिपायची आणि हळद-कुंकू लावायची. घासायची नाहीच. त्यामुळं बाईच्या पायाशी हळद, कुंकू, तूप, काजळी यांचा थर बसला होता. काळपट लाल, खपलीसारखा. माझे हात शिवशिवायचे.

"किती मळलीय बघ. गुडघ्याखाली पाय हायेत का न्हाई, तेबी कळंना."

"असू द्या. देवीचे पाय झाकलेलेच बरे. तुम्ही तुमच्या राजाकडं बघा."

त्या दिवशी तिनं नव्यानं बोट बुडवून कुंकू लावलं. लावता लावता म्हणाली, "माझ्या माघारी ही लेकीला द्या. जशी हाय तशी." हे ती दर खेपेला म्हणायची. मी दर खेपेला म्हणायचो, "तुझ्या माघारी? आधी माझा नंबर हाय. कारखान्याची भुकटी खाल्लेली छाती ही." मग ती म्हणायची, "तर मग मी देईन, तुम्ही झोपा." आणि हसायची. तसंच हसली. मग उठली आणि पीठ मळायला गेली.

पहाटे छातीत कळ आली म्हणाली. शेजाऱ्याच्या गाडीत घालून शिरूरच्या दवाखान्यात नेली. घरी आली ती तशी आली.

मी काय लिहू त्याच्याबद्दल. चालती बोलती बाई होती.

सुतकात भावकीबाहेरच्या एकानं येऊन देवाला दिवा लावला. तेरावा झाला. लेक दौंडला दिलेली, ती जायला निघाली. निघताना देव्हाऱ्यापुढं उभी राहिली, हात जोडले आणि वाटीकडं बघितलं. मागितलं नाही. मी तिच्याकडं बघितलंच नाही, पिशवीच्या बंदाची गाठ मारत बसलो. आईचं सांगणं तिलाही ठाऊक होतं, मलाही. पण म्हटलं राहू दे चार दिवस. ती वाटी गेली तर घरात मागं राहतं काय? लुगडी तर लेकीनं नेलीच होती.

चार दिवसांचे महिने झाले. रोज दिवा लावायचो, फूल ठेवायचो. देव मात्र काढले नाहीत. वडी तशीच कोनाड्यात. बाईवर ते शेवटचं कुंकू तसंच होतं, नवं असल्यामुळं थराच्या वर जरा उजळ दिसायचं. तिच्या बोटाच्या टोकाएवढा गोल. फूल ठेवतानाही मी त्याला धक्का लागू दिला नाही.

उन्हाळ्यात एक बाई आल्या. पुण्याच्या, कॉलेजात जुनी नाणी आणि शिलालेख शिकवणाऱ्या. मारुतीच्या देवळामागं लढाईत पडलेल्यांचे जुने दगड आहेत, ते बघायला आल्या होत्या. उन्हानं लाल झाल्या होत्या, पाणी मागितलं. आमच्या न्हावऱ्यात पाणी मागणाऱ्याला नुसतं पाणी देऊन कोणी पाठवत नाही, मी चहा टाकला. त्या ओट्यावर टेकल्या, आत नजर गेली.

"काका, ते वाटीतलं नाणं बघू का? चालत असेल तर. नसेल तर राहू दे."

आधी हात धुतले, चपला लांब काढल्या, मग आत आल्या. मला बरं वाटलं. मी वाटीतून उचलून त्यांच्या रुमालावर ठेवलं. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं, एक एवढासा तराजू काढला, खिशात मावेल असा. आणि भिंगाला डोळा लावून बसल्या. चहा गार झाला.

"कुठं सापडलं म्हणालात?"

"राहूला. सासऱ्याला. पाट खणताना."

"नक्की? कुणाकडून विकत नाही ना घेतलेलं?"

"सासरा बैल घ्यायला चार बाजार फिरायचा. नाणं कशाला विकत घेईल?"

त्या हसल्या. मग सांगायला लागल्या. शिकवणारं माणूस, पण माझ्यासारख्याला कळेल असं सांगत होत्या. लांब पश्चिमेला रोमचं राज्य होतं. त्यांचा व्यापार आपल्याकडं होता, त्यामुळं त्यांची नाणी इथं निघतात, पण बहुतेक सुरुवातीच्या काळातली. हे नाणं त्या राज्याच्या उतरत्या काळातलं. त्या काळातलं चांदीचं नाणं आपल्या बाजूला फार क्वचित. म्हणाल्या, "मी स्वतः हातात घेतलेलं हे पहिलं आहे, काका."

"आन् बाई? अन्नपूर्णा न्हाई ती?"

"ती त्यांच्या शहराची देवी. शहरालाच बाईचं रूप दिलंय. हातातली काठी म्हणजे भाला किंवा राजदंड. आणि गोल आहे ना, त्याच्यावर एक इवलीशी पंखांची बाई उभी आहे. ती विजयाची देवी."

"म्हंजी वाटी न्हाई."

"वाटी नाही. पण सगळ्या शहराला सांभाळणारीच ना ती? तुमच्या सासूबाई फार चुकल्या नाहीत."

मी विचारलं, राजा कोणता. त्यांनी नाणं उलटं केलं. राजाच्या कडेवरून भिंग फिरवलं, परत फिरवलं.

"नाव कडेनं गोल लिहिलेलं असतं. इथं शेवटची दोनतीन अक्षरं उरलीत, पण ती सगळ्याच राजांना असतात. महाराज म्हणतो ना आपण, तसं. नाव गेलंय. कुणीतरी पॉलिश केलंय हो."

"मी," म्हणालो. "बफिंगवर."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कडेनं जे खरबरीत लागत होतं ते त्याचं नाव होतं. इतकी शतकं मातीत राहिलं, माझ्या चाकाखाली एका फेरात गेलं.

मग त्यांनीच समजूत काढली. राजा ओळखायची दुसरीही जागा असते. बाईच्या पायाखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली टांकसाळीची अक्षरं. नाणं कुठल्या गावात पाडलं ते त्यावरून कळतं, आणि त्या गावात त्या वेळी कुणाकुणाची नाणी पडत होती ते पुस्तकातून बघता येतं. "पण तिथं कुंकू बसलंय," म्हणाल्या.

"मग काढा की."

त्यांनी नाणं रुमालावर ठेवलं. "मी नाही काढणार. तुमचा देव आहे. कुणी लावलंय हे?"

"मंडळींनी."

"त्या घरात नाहीत का?"

"गेली."

त्यांनी पिशवीतून फोन काढला. "मग राहू दे काका. आहे तसा फोटो काढते. तेवढंही पुष्कळ आहे."

इथं विषय मिटला होता. त्या पुण्याच्या बाईंनी मिटवला होता. उकरला मी. विचारलं, "काढायचंच म्हटलं, तर कसं काढतात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, चिंच नको, राख नको, ब्रश तर नकोच. इन्व्हर्टरमध्ये घालतात ते पाणी कोमट करून त्यात भिजत ठेवायचं आणि लाकडी काडीनं हळू सोडवायचं, धातूला ओरखडा न लागता. "पण घाई करू नका. उद्या, परवा, कधीही विचार बदलला तर बदलला." भिंग माझ्याकडं ठेवून त्या देवळामागं दगड बघायला गेल्या. जाताना परत म्हणाल्या, "काका, खरंच गरज नाही."

त्यांचा पदर कोपऱ्यावरून वळला नसेल, तोवर मी गॅस पेटवला होता.

मला का राहवलं नाही? राजाचं नाव मी घालवलं होतं, ते भरून काढायचं होतं, असं मी मनाला सांगितलं. पण खरं ते नव्हे. खरं म्हणजे हात शिवशिवत होते. जन्मभर ज्या थराला हात लावायची बंदी होती, तो आता माझ्या हातात होता आणि ओरडायला कोणी नव्हतं. शिवाय पुण्याची शिकलेली बाई सांगून गेली होती, म्हणजे परवानगीच.

इन्व्हर्टरच्या डब्यात उरलेलं पाणी कोमट करून काचेच्या वाटीत घेतलं. नाणं सोडलं. आधी वरचं उजळ कुंकू सुटलं. धूर सुटावा तसं पाण्यात पसरलं आणि गेलं. तेव्हाही मी थांबलो नाही. कडुलिंबाच्या काडीला टोक केलं, डोळ्याला भिंग लावलं. आणि काय सांगू, मजा यायला लागली. आयुष्यात मी इतक्या हलक्या हातानं काम केलं नव्हतं. काडी टेकवायची, पाणी मुरू द्यायचं, थर आपोआप उठला की बाजूला करायचा. बाईचा पाय निघाला. चप्पल निघाली. आडवी रेघ निघाली. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला छातीतलं ओझं आठवलं नाही. शीळ वाजवत होतो बहुतेक.

रेघेखाली पहिलं अक्षर आलं. इंग्रजी अक्षरं मला गाड्यांच्या पाट्यांवरून येतात. टी. मग आर. मग पी. तिन्ही एका ओळीत बघितली आणि मला हसूच आलं. घरात रोज संध्याकाळी मालिका चालायच्या आणि ती म्हणायची, ह्या सुना इतक्या रडतात ते टीआरपीसाठी. मी मान वर केली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडलो, "अगं, हिकडं ये! तुझ्या बाईच्या पायाखाली टीआरपी निघालं बघ!"

ओरडून झाल्यावर ऐकू आलं मी काय केलं ते.

वाटीतलं पाणी लाल झालं होतं. तिनं लावलेलं होतं नव्हतं ते सगळं कुंकू त्या पाण्यात होतं, लग्नापासूनचं. नाण्यावर काही नव्हतं. बाई स्वच्छ, पांढरी, अनोळखी बसली होती. मी काडी ठेवली. शेवटचं अक्षर अर्धं झाकलेलं होतं, ते तसंच ठेवलं. पण आता त्याचा काय उपयोग.

पुण्याच्या मॅडम परत आल्या. नाणं बघून त्यांचा चेहरा उजळला, मग माझा बघितला आणि उतरला. तरी काम त्यांनी केलं, मीच करा म्हणालो. अर्धं अक्षर एस होतं. टीआर म्हणजे ट्रियर, आता जर्मनीत असलेलं एक गाव. पीएस म्हणजे चांदी शुद्ध केलेली आहे, अशी टांकसाळीची ग्वाही. वजन केलं. फोनवर दुसऱ्या नाण्यांची चित्रं काढून मण्यांच्या पट्टीशी, खुर्चीच्या पाठीशी ताडून बघितली. मलाही दाखवत होत्या, हे बघा, ह्याची गाठ अशी पडते, ह्याची अशी. मी व्हय व्हय म्हणत होतो.

शेवटी म्हणाल्या, "दोघांपैकी एक. दोघंही एकाच वेळी राज्य करत होते, दोघांचीही त्या टांकसाळीत अशीच नाणी पडली. नाव असतं तर नक्की सांगता आलं असतं." त्यांनी दोन्ही नावं सांगितली, माझ्या जिभेला वळली नाहीत.

म्हणजे हिशेब असा झाला. राजाचं नाव मी घालवलं म्हणून बाईचे पाय धुतले. बाईचे पाय धुतले आणि राजा अर्धाच सापडला.

जाताना त्यांनी वाटीकडं बोट केलं. "हे पाणी ओतू का बाहेर?"

"नका," म्हणालो. एवढं मोठ्यानं की त्या दचकल्या.

देव धुतलेलं पाणी ती कधी मोरीत घालायची नाही, तुळशीला घालायची. मी वाटीवर ताटली झाकली आणि देव्हाऱ्याखाली ठेवली. संध्याकाळी दिवा लावला, पण वर बघवेना. लेकीचा फोन आला. जेवलात का, काय केलं, काही नवीन? म्हटलं, काही नाही. खोटं बोलून फोन ठेवला. जशी हाय तशी, असं तिची आई सांगून गेली होती. दर अमावास्येला सांगत होती. इतक्या वेळा कोणी मला काही सांगितलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ताटली काढली. पाणी वर निवळलं होतं आणि तळाला लाल गाळ बसला होता, मऊ, साईसारखा. वरचं पाणी हळूच तुळशीत ओतलं. गाळ राहिला. नाणं तळहातावर घेतलं आणि कुंकू लावायचं बोट त्या गाळात बुडवून बाईच्या पायाशी टेकवलं. माझं बोट जाडं, कारखान्यात चेपलेलं. ठिपका पार तिच्या गुडघ्यापर्यंत गेला. अक्षरं झाकली. उरलेला गाळही बोटानं पुसून तिथंच लावला, वाटीत कण ठेवला नाही. वाळेपर्यंत उन्हात धरून बसलो. मग देव्हाऱ्यातले तांदूळ बायकोच्या जुन्या बटव्यात भरले, त्यात नाणं ठेवलं, बटवा आतल्या खिशात घातला आणि स्टँडवर गेलो. चौफुल्याला गाडी बदलली. दौंडला पोचेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

लेकीनं दार उघडलं. "आबा? फोन न्हाई, काही न्हाई. बरं हाय ना?"

"बरं हाय. आधी हे घे." चहा येण्याआधीच बोललो, नाहीतर बोललो नसतो. "तुझ्या आईनं जशी हाय तशी द्या म्हणून सांगितलं होतं. तशी न्हाई ही. मी धुतली काल."

तिनं बटवा सोडला. नाणं तांदळातून उचलून खिडकीपाशी नेलं. पाठ माझ्याकडं होती.

"आईचं बोट एवढं मोठं नव्हतं."

"माझं हाय. कुंकू तिचंच. पाण्यात उतरलं होतं, गाळ बसला, तो परत लावला."

तिनं नाणं उजेडाकडं कलतं केलं. मी पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"धुवून काय निघालं?"

"चार अक्षरं."

"कुठली?"

"झाकली आता."

तिनं पदर तोंडाला लावला. रडत होती का हसत होती, मला पाठमोरं कळलं नाही. मग आत गेली, एक पितळेची वाटी घेऊन आली, बटव्यातले तांदूळ तिच्यात ओतले, हातानं सारखे केले. वाटी माझ्यापुढं धरली. डोळे लाल होते आणि आवाज आईसारखाच कडक.

"तुम्हीच ठेवा. आन् घासायला यायचं न्हाई."

मी चपला काढल्या. हात धुतले. राजाचं तोंड खाली केलं, तांदळात दाबलं आणि बाई वर ठेवली.